बंबाचं तोंड उघडं ठेवा

डिसेंबर लागला की यवतमाळ जिल्ह्यातल्या घरांच्या मागच्या अंगणात पहाटेच पऱ्हाटीच्या काड्या मोडल्याचा आवाज येतो. पारा दहा अंशांच्या आसपास उतरलेला असतो, गोठ्यात गुरं अंग चोरून उभी असतात आणि बंबाच्या नळकांड्यातून धुराची सरळ रेघ वर चढत असते. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, सिलिंडर खेड्यापाड्यांत आणि तांड्यांवर पोचला, सकाळचा चहा गॅसवर होऊ लागला. आंघोळीचं पाणी मात्र बऱ्याच घरांत सरपणावरच राहिलं.

त्यामागचा हिशोब साधा आहे. पाच माणसांच्या घराला रोज शंभर लिटर पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायचं तर विजेची जवळजवळ तीन युनिटं लागतात. हेच काम गॅसवर केलं तर निव्वळ आंघोळीपायी एक सिलिंडर पाच-सहा आठवड्यांत रिकामा होतो. आणि वावरात पऱ्हाटी, तुराटी फुकट उभी असते. कापसाच्या जिल्ह्यात हा प्रश्न वाद घालण्यासारखा नाहीच.

नवा प्रश्न पुढे निर्माण झाला. कौलारू घराचं स्लॅबचं घर झालं, स्लॅबवर काळी टाकी आली, न्हाणीत नळ आला. मग घरातली बाई रास्त प्रश्न विचारते: थंड पाणी नळाने येतं, तर गरम पाणी बादलीने का वाहायचं? बंबालाच पाइप जोडून द्या ना! गावातला नळवाला ‘जोडतो की’ म्हणतो आणि अर्ध्या दिवसात जोडूनही देतो. ही जोडणी कुठे बिनधोक आहे, कुठे नाही आणि का, याचा हा आढावा.

जुना बंब सुरक्षित का होता

तांब्याचा किंवा पितळेचा बंब म्हणजे पाण्याचं उभं पिंप आणि त्याच्या पोटातून वर गेलेलं नळकांडं. खाली जाळी, जाळीवर जाळ, जाळीखाली राख. जाळ आणि धूर नळकांड्यातून वर जाताना चारी बाजूंच्या पाण्याला उष्णता देतात. चुलीवरच्या हंड्याला जाळ फक्त बुडाला लागतो आणि बराचसा बाजूने निसटतो. बंबात पाणीच जाळाभोवती बसलेलं असतं, म्हणून तेवढ्याच पाण्याला सरपण निम्म्याहून कमी पुरतं.

पण तांबटाची खरी हुशारी वरच्या नसराळ्यात होती. बऱ्याच बंबांना खाली तोटी नसते. वरच्या नसराळ्यात बादलीभर गार पाणी ओतायचं. ते आतल्या नळीने बुडाशी जातं आणि वर आलेलं कढत पाणी बाजूच्या तोंडातून दुसऱ्या बादलीत पडतं. ओतल्याशिवाय पाणी निघतच नाही. त्यामुळे घरातलं पोर कितीही विसरभोळं असलं तरी असा बंब कोरडा पडत नाही. पाणी उकळलं तर वाफ नसराळ्यातून निघून जाते आणि बंब फक्त खदखदतो. ना थर्मोस्टॅट, ना व्हॉल्व्ह, ना मीटर. सगळी सुरक्षा एका उघड्या तोंडात.

खाली तोटी असलेल्या बंबात ही खुबी अर्धीच राहते. तोंड उघडं असतं, पण पाणी काढत राहून भरायला विसरलं तर नळकांडं कोरडं पडतं. कथील-शिशाची झाळ दोनशे अंशांच्या आसपास पातळ होते, आणि जाळाचं तापमान त्याच्या कितीतरी पुढे असतं. मग सांधे सुटतात, बंब गळतो, माणूस सहसा वाचतो. पाइप जोडला की मात्र हे गणित पार बदलतं.

पाइप जोडला की काय होतं

समजा स्लॅबवरची टाकी बंबापासून साडेतीन मीटर उंच आहे. टाकीचा पाइप थेट बंबाच्या बुडाशी जोडला, वरून निघालेला पाइप न्हाणीतल्या नळाला नेला आणि नसराळं झाळून बंद केलं, कारण ते उघडं ठेवलं तर टाकीतलं सगळं पाणी तिथूनच वाहून जाईल. आता अजून काडीही पेटवलेली नाही, तरी बंबाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक तृतीयांश किलोचा दाब आहे. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ साडेबाराशे चौरस सेंटिमीटर भरतं. म्हणजे झाळलेल्या त्या झाकणाला खालून चारशे किलोंहून जास्त रेटा बसतो आहे. दुमजली घर असेल तर त्याच्या दुप्पट. बंब घडवणाऱ्याने हे ओझं कधी मनात धरलेलंच नव्हतं.

आता जाळ. तासाला दोन किलो सुकं सरपण जाळलं तर आठ किलोवॅटच्या आसपास उष्णता निघते. त्यातली चाळीस टक्के जरी पाण्याला मिळाली तरी बाजारातल्या दोन किलोवॅटच्या गीझरपेक्षा ती दीडपट होते. शिवाय गीझरचं बटण बंद केलं की उष्णता थांबते. पाणी ठरावीक अंशांपुढे गेलं तर थर्मोस्टॅट आपसूक बंद करतो. तोही बिघडला तर कटआउट असतो, त्याच्यामागे सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. लाकडाच्या जाळाला बटण नसतं. वर शेवटचं माणूस आंघोळ करून गेलं तरी खाली निखारा तासभर धगधगत राहतो.

पाणी तापलं की फुगतं. शंभर लिटर पाणी वीस अंशांवरून नव्वदवर गेलं की तीन लिटरहून जास्त वाढतं. पाणी दाबून मावत नाही, त्याला वाट लागतेच. वाट टाकीकडे परत उघडी असेल तर ते तिकडे सरकतं. पण नळवाल्याने ‘गरम पाणी टाकीत उलटं जाऊ नये’ म्हणून थंड पाइपवर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवला असेल आणि न्हाणीतला नळ बंद असेल, तर वाट दोन्हीकडून बंद होते. तीच गोष्ट कुणी दुरुस्तीसाठी गेट व्हॉल्व्ह फिरवला आणि उघडायला विसरला तर होते. नव्या घरांत शॉवरसाठी बसवलेला प्रेशर पंप हे संकट आणखी वाढवतो.

कोंडलेलं पाणी शंभर अंशांना उकळत नाही. दाब एक किलोने वाढला की ते एकशेवीस अंशांपर्यंत पाणीच राहतं. कुकरमध्ये हेच होतं, म्हणून डाळ लवकर शिजते. पण कुकरला शिट्टी आहे, आणि शिट्टी अडकली तर वितळून मोकळा होणारा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. कोंडलेल्या बंबाला दोन्ही नाहीत. अशा बंबाचा सांधा फाटला की एकशेवीस अंशांचं पाणी क्षणात शंभरवर यायला बघतं आणि मधल्या वीस अंशांची उष्णता वाफेत बदलते. शंभर लिटरमधलं पावणेचार लिटरच्या आसपास पाणी वाफ होतं. एका लिटरची वाफ सोळाशे लिटरहून जास्त जागा मागते, म्हणजे क्षणार्धात सहा हजार लिटर वाफ. न्हाणीच्या भिंतींना हे पेलत नाही, आणि आतल्या माणसाला तर नाहीच. तापलेला तांब्याचा पत्रा आणि उकळतं पाणी सोबत उडतं ते वेगळंच.

शकुंतलेचा बंब आणि कायद्याची नजर

यवतमाळकरांना वाफेची ताकद नवी नाही. यवतमाळ–मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे १९९४पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली. ते इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं होतं. सत्तर वर्षांहून जास्त काळ ज्या बंबाने कापूस आणि माणसं ओढली, तो फुटला नाही, कारण त्याच्यावर दोन माणसांची नजर होती आणि त्याच्या अंगावर तीन राखणदार होते. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी, जास्तीचा दाब सोडणारे व्हॉल्व्ह आणि पाणी कमी पडलं तर वितळून आगीवर वाफ सोडणारी शिशाची डाटी. ड्रायव्हर रोज काच पाहायचा, आणि निरीक्षक ठरल्या वेळी बंब उघडायचा.

ही शिस्त आपोआप आली नाही. १८६३ साली कलकत्त्यात बाष्पकाचा, म्हणजे बॉयलरचा, मोठा स्फोट होऊन माणसं मेली, तेव्हा पुढच्या वर्षी बंगालमध्ये बाष्पक तपासणीचा कायदा झाला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टनच्या बूट कारखान्यात २० मार्च १९०५ रोजी बाष्पक फुटून ५८ जण दगावले, आणि त्यातून तिथली बाष्पक-संहिता जन्माला आली. भारतभर लागू होणारा कायदा १९२३चा. २०२५ साली त्याच्या जागी नवा आला.

पण या कायद्याची नजर अंगणातल्या बंबावर पडतच नाही. पंचवीस लिटरपेक्षा लहान भांडं, चौरस सेंटिमीटरला एक किलोपेक्षा कमी दाबावर चालणारं भांडं आणि ज्यात पाणी शंभर अंशांच्या आत तापतं ते भांडं कायद्याच्या लेखी बाष्पक नाही. हे योग्यच आहे. गावातला प्रत्येक बंब तपासायला निरीक्षक आला तर दुसरं काम उरणार नाही. मात्र याचा अर्थ असा की कायदा त्याला निरुपद्रवी समजतो तो उघडा आहे म्हणून. तोंड बंद केलं की ते समजणंच खोटं ठरतं आणि तपासायला कुणी येणारही नसतं. घरातल्या माणसालाच शकुंतलेचा ड्रायव्हर आणि निरीक्षक दोन्ही व्हावं लागतं.

चार जोडण्या

जिल्ह्यात हिंडताना जोडणीचे साधारण चार प्रकार दिसतात. त्यांची तुलना केली की चित्र स्पष्ट होतं.

पहिला प्रकार: बंब सुटा ठेवायचा, बादलीने भरायचा. सर्वात सुरक्षित, कष्ट सर्वात जास्त. दोन-तीन माणसांच्या घराला हाच पुरे.

दुसरा: टाकीचा पाइप सरळ बंबाला, वर सांगितला तसा. हा मोडीत काढावा, त्यात दुरुस्ती नाही. बाजारात मिळणारे जाड पोलादी पत्र्याचे, वेल्डिंग केलेले बंबही थेट टाकीच्या दाबावर जोडताना वर उघडा पाइप नसेल तर तितकेच घातक आहेत. भांडं जितकं दणकट, तितका फुटण्याआधी साठणारा दाब मोठा, एवढाच काय तो फरक.

तिसरा: चुलीच्या पोटात किंवा वैलाखाली लोखंडी पाइपाचं वेटोळं बसवून त्यातून पाणी फिरवायचं आणि वर टांगलेल्या टाकीत साठवायचं. ही कल्पना सुंदर आहे, कारण भाकरी भाजताना पाणी फुकट तापतं. पण सर्वात फसवीही हीच. एक इंची पाइपाच्या तीन मीटर वेटोळ्यात जेमतेम दीड लिटर पाणी मावतं. चुलीकडून त्याला दोन किलोवॅट उष्णता मिळाली आणि पाणी फिरलं नाही, तर चार-पाच मिनिटांत ते उकळायला लागतं. भाकरीचा दुसरा तवा उतरायच्या आत.

चौथा: स्लॅबवर सोलर वॉटर हीटर आहे आणि ढगाळ दिवसासाठी त्याच्याच टाकीला बंब जोडायचा. आपल्याकडे ऊन आणि थंडीची वेळ चांगली जुळते: पावसाळ्यात आभाळ असतं पण थंडी नसते, आणि थंडीत आभाळ बहुधा निरभ्र असतं. त्यामुळे सोलरला जोड लागते ती थोडेच दिवस. तेवढ्यासाठी दोन प्रणाली पाइपाने एकत्र बांधण्यापेक्षा सोलरचं कोमट पाणी बंबात बादलीने ओतणं शहाणपणाचं. ज्यांना जोडायचंच आहे त्यांनी सोलरच्या टाकीवर उभा असलेला बारीक पाइप, म्हणजे एअर व्हेंट, आधी नीट पाहावा. तो तिथे का आहे हे समजलं की बंबाची जोडणीही समजते.

जोडायचंच असेल तर

पहिला नियम एकच, बाकीचे त्याची लेकरं: आगीवरच्या पाण्यापासून उघड्या हवेपर्यंत एक वाट कायम मोकळी असावी, आणि त्या वाटेवर नळ, व्हॉल्व्ह, एनआरव्ही, काहीही नसावं.

जुन्या बंबासाठी सर्वात चांगला उपाय स्वस्तातला आहे. मोठ्या टाकीचा पाइप बंबाला न देता बंबाच्या तोंडाच्या उंचीला, शेजारच्या भिंतीवर, दहा-पंधरा लिटरची स्टीलची लहान टाकी बसवायची. तिच्यात बॉलकॉक. मोठ्या टाकीतून पाणी आधी या लहान टाकीत, तिथून बंबाच्या बुडाशी. बंबाच्या डोक्यावर उघडा पाइप. आता बंबावर दाब आहे तो वीतभर पाण्याचा. पातळी बॉलकॉक सांभाळतो. नसराळ्याचं काम आपोआप होतं. न्हाणी बंबापेक्षा खालच्या पातळीला असली की गरम पाणी नळाने येतं. धार शॉवरसारखी जोरदार नसते, बादली सावकाश भरते. सुरक्षिततेची किंमत एवढीच.

चुलीतल्या वेटोळ्यासाठी नियम थोडे जास्त आहेत, कारण इथे पाणी स्वतःच्या जोरावर फिरायला हवं. साठ अंशांचं पाणी वीस अंशांच्या पाण्यापेक्षा लिटरमागे पंधरा ग्रॅमच हलकं असतं. सगळं अभिसरण या पंधरा ग्रॅमांवर चालतं, म्हणून त्याच्या वाटेत अडथळा चालत नाही. गरम पाण्याची साठवण टाकी चुलीपेक्षा वरच्या अंगाला, दीड-दोन फूट तरी उंच हवी. पाइप एक इंचापेक्षा बारीक नको. चुलीतून निघालेला पाइप सतत चढता हवा. मध्ये कुठे उंचवटा करून पुन्हा उतरवला तर तिथे हवा अडकते, पाणी थांबतं आणि वेटोळ्यात वाफ होऊन ठोके ऐकू येतात. काटकोनी एल्बो कमी, लांब बाक जास्त. आणि पंप नको. पंपावर फिरणारं पाणी वीज गेली की थांबतं. जाळ थांबत नाही. ज्या जिल्ह्याने भारनियमन भोगलं आहे त्याला हे समजावून सांगायला नको.

व्हेंटची उंची ही लोक हमखास चुकतात अशी गोष्ट. गरम पाणी हलकं असल्यामुळे व्हेंटमध्ये ते टाकीच्या पातळीपेक्षा वर उभं राहतं. चार मीटर उंचीला नव्वद अंशांवर हा फरक चौदा सेंटिमीटर भरतो. म्हणून व्हेंट टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा दीड फूट तरी वर न्यावा. त्याचं तोंड खाली वळवून ठेवावं, जाळी बसवावी, म्हणजे पाखरं घरटं करणार नाहीत. पण त्यातून कधीतरी उकळतं पाणी उडणार हे धरून ते कुठे पडेल हे आधी ठरवावं. ते काळ्या प्लास्टिकच्या टाकीत सोडू नये. २००६ साली ब्रिटनमधल्या टॉन्टन गावात पाणी तापवणाऱ्या यंत्राचा थर्मोस्टॅट बिघडला, उकळतं पाणी व्हेंटमधून माळ्यावरच्या प्लास्टिकच्या टाकीत पडत राहिलं, टाकी मऊ पडून फाटली आणि खाली झोपलेलं तान्हं मूल दगावलं. आपल्या प्रत्येक स्लॅबवर तशीच टाकी उभी आहे.

पाइपही पाहून घ्यावा. बोअरच्या कामातून उरलेला पीव्हीसी किंवा ठिबकची नळी गरम पाण्याला लावू नये. साठ अंशांपुढे पीव्हीसी लुळा पडतो. सीपीव्हीसी नव्वदच्या आसपास टिकतो, पण उकळत्या पाण्याला आणि वाफेला नाही. म्हणून आगीपासूनचा पहिला मीटर-दीड मीटर जीआय किंवा तांब्याचाच, त्यानंतर सीपीव्हीसी. व्हेंट पूर्ण धातूचा. थंड पाणी येणारा पाइप बंबाला जोडण्याआधी एकदा खाली वाकवून घ्यावा. गरम पाणी उलटं वर चढत नाही आणि एनआरव्ही लावायचा मोहही होत नाही.

सेफ्टी व्हॉल्व्ह लावला तर चांगलंच, पण उघड्या वाटेऐवजी नव्हे. उघड्या वाटेशिवाय तो एकटा पुरत नाही. आपल्या कडक पाण्यात व्हॉल्व्हवर क्षार बसतात, तो चिकटतो, आणि नेमका लागेल त्या दिवशी उघडत नाही.

पाणी आटलं तर

थंड देशांत अशा प्रणाली फुटायच्या त्या पाइपात बर्फ झाल्यामुळे: रात्री वाट गोठायची, सकाळी कुणी जाळ करायचं. आपल्याकडे बर्फ नाही, पण रिकामी टाकी आहे. यवतमाळ शहर निळोणा आणि चापडोह धरणांच्या पाण्यावर जगतं. २०१८ साली ती आटली तेव्हा शहराने टँकरच्या मागे रात्री काढल्या. एरवीही नळ रोज येतोच असं नाही. टाकी रिकामी आहे हे स्लॅबवर चढल्याशिवाय कळत नाही, आणि पहाटे अंधारात स्लॅबवर कोण चढतं?

म्हणून जाळ करण्याआधी न्हाणीतला गरम पाण्याचा नळ उघडून धार पाहायची. धार नाही तर काडी ओढायची नाही. बंब कोरडा तापलाच तर त्यात पाणी ओतायचं नाही. ही चूक घाबरून सगळ्यांकडून होते. लालबुंद धातूवर पाणी पडलं की ते क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं आणि सांधे तडकतात. जाळ ओढून बाहेर काढायचा, राख टाकायची आणि बंब स्वतःच निवू द्यायचा.

जाळ, धूर आणि घरातला कापूस

पाण्याची बाजू सांभाळली तरी आगीची बाजू उरते. यवतमाळमध्ये ती इतर ठिकाणांपेक्षा जास्त नाजूक आहे, कारण भाव येईपर्यंत घरातच कापूस रचून ठेवलेला असतो. बंबाच्या नळकांड्यातून उडालेली एक ठिणगी आणि उघडी खिडकी एवढं पुरे. बंब कापसाच्या खोलीपासून आणि पऱ्हाटीच्या गंजीपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला असावा. धुराडं छपराच्या वर दोन-तीन फूट न्यावं, त्यावर टोपी आणि जाळी बसवावी.

धुराड्यावर पाण्याचं वेटोळं गुंडाळून ‘वाया जाणारी’ उष्णता पकडणारे हुशार लोक आहेत. त्यात एक धोका दडलेला असतो: धूर जास्त गार झाला की त्यातला डांबरासारखा चिकट पदार्थ आत बसतो, ओल्या लाकडाने तर लवकरच. मग एखाद्या दिवशी धुराडंच पेट घेतं. थोडी उष्णता धुराबरोबर जाऊ देणं हीही सुरक्षाच.

बंब न्हाणीच्या आत कधीच नको. थंडीत दार-खिडकी बंद करून आत जाळ केला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. शहरांत बंद न्हाणीघरांतल्या गॅस गीझरने माणसं गेली ती याच वायूने. वणीच्या कोळसा पट्ट्यात तर सरपणाऐवजी कोळसा सहज हाताशी येतो. तो बंबात नकोच: कोळसा जास्त वेळ धुमसतो, हा वायू जास्त सोडतो आणि त्यातलं गंधक तांब्याला खातं.

धुराचा प्रश्न नुसता अपघातापुरता नाही. घरगुती धुराने जगात २०२० साली बत्तीस लाख माणसं दगावली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सरकारने १९८३ साली निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो २००२ साली गुंडाळला गेला. चुली बसल्या, पण धुराडं साफ करणं कुणाच्या अंगवळणी पडलं नाही. धुराडं तुंबलं की लोक ते मोडून टाकत. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने सुधारित चुलींवर आणि शेतातल्या काडीकचऱ्याच्या इंधनावर दीर्घकाळ काम केलं. या सगळ्या अनुभवाचं सार बंबालाही लागू आहे: जे महिन्याला साफ करावं लागतं ते साफ करायला सोपं नसेल तर टिकत नाही. म्हणून जोडणीत युनियन ठेवावा, म्हणजे वेटोळं सोडवून धुता येतं.

इंधनाबद्दलही एक सांगायचं. गुलाबी बोंडअळीने २०१७च्या हंगामात कापूस पोखरला, तेव्हापासून कृषी खातं सांगत आलं आहे की पऱ्हाटी वेळेत उपटा आणि तिच्या गंजी रचून ठेवू नका, अळीचे कोष त्यात तग धरतात. बंबाला ही पऱ्हाटी उत्तम. काडी पटकन पेटते आणि पटकन विझते. सागाचा ओंडका घालून झोपी जाता येतं. पऱ्हाटीचा जाळ माणसाला समोर बसवून ठेवतो. बंबाच्या जोडणीला नेमकं हेच हवं: जाळ आणि माणूस एकाच वेळी उठावेत. रानात सरपणाला कमी जावं लागतं, हा फायदा वेगळाच. २०१८ साली टी-वन वाघिणीच्या भीतीने राळेगाव-पांढरकवडा भागातल्या बायकांना रानाची वाट किती जड झाली होती, हे जिल्हा विसरलेला नाही.

पाण्याची जात

आपल्या विहिरी-बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी कडक. तापलं की त्यातला चुना भांड्याला चिकटतो. बंबात हा थर जाड झाला तर उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, नळकांड्याचा पत्रा जास्त तापतो आणि बंब खडखडायला लागतो. वेटोळ्यात हाच थर वाट अरुंद करतो. वर्षातून एकदा, दिवाळीच्या अभ्यंगाआधी बंब घासायचा तेव्हाच, लिंबाचं सत्त्व किंवा व्हिनेगर घालून रात्रभर ठेवून धुवावा. जुनी माणसं चिंचेने घासत, ते याचसाठी.

जिल्ह्याच्या बऱ्याच भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पाणी उकळून ते जात नाही, आटलेल्या पाण्यात उलट वाढतं. शिवाय जुन्या बंबाच्या झाळीत शिसं असतं. म्हणून बंबाचं पाणी आंघोळीला आणि धुण्याला. स्वयंपाकाला, पिण्याला नाही.

शेवटी भाजणं. साठ अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी भाजतं, लहान मुलाची त्याहून लवकर. बादलीत आधी विसण घेऊन मग गरम पाणी सोडायचं, ही आजीची रीत इथे विज्ञान आहे. नळाने गरम पाणी येऊ लागलं की ही रीत विसरते, कारण नळाखाली थेट हात जातो. बाळंतिणीला आणि तान्ह्याला न्हाऊ घालताना पाणी बादलीतूनच घ्यावं, नळाखाली नको.

कोणत्या घराला काय

लहान कुटुंबाला सुटा बंब पुरे. मोठ्या कुटुंबाला बॉलकॉकच्या लहान टाकीचा बंब. ज्यांच्या घरी दोन वेळा मोठा स्वयंपाक चुलीवरच होतो, त्यांना वर टाकी आणि उघडा व्हेंट असलेलं चुलीतलं वेटोळं, पण ते नेहमी बघणारा माणूस घरात असेल तरच. वसतिगृहं आणि आश्रमशाळांसारख्या ठिकाणी शेकडो लिटर पाणी लागतं, मुलं नळाशी खेळतात आणि जबाबदारी कुणा एकाची नसते. तिथे सोलर आधी, आणि लाकडाचा बंब लागलाच तर तो जाणकार अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे.

जोडणी झाली की नळवाल्याचे पैसे देण्याआधी एक गोष्ट करावी. बंबावर बोट ठेवावं आणि पाइपाच्या अंगाने ते सरकवत उघड्या हवेपर्यंत न्यावं. वाटेत बोटाला एकही नळ, एकही व्हॉल्व्ह, एकही एनआरव्ही लागला नाही, तर संध्याकाळी पऱ्हाटी आणून ठेवावी. एक जरी लागला तर तो काढून घेईपर्यंत पहाटे बादलीच बरी.